मंदी आणि राहतं घर : वाचकांचे प्रश्न

मंदीची कुजबुज सुरू झाली की या सदराच्या टपालात घराविषयीची पत्रं वाढतात. बाजार पडला तर गुंतवणूक विकायची की नाही, हे पुढे ढकलता येतं. भाडं आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतोच. आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. कर्जवसुलीचे आणि भाडेकराराचे कायदे देशोदेशी वेगळे असल्यामुळे उत्तरांत भर आकडेमोडीवर आणि कामाच्या पद्धतीवर आहे. सही करण्याआधी आपल्याकडचा नियम विचारून घ्यावा.

प्रश्न : मंदी आली की लोक शहरं सोडून गावाकडे जातात असं म्हणतात. हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कारखाने बंद पडले. १९३३ साली चारांतला एक कामगार बेकार होता. तेव्हा एरवी शेतीकडून शहराकडे वाहणारा लोंढा काही काळ उलटा फिरला. शेतावर पगार नव्हता, पण छप्पर होतं आणि पोटापुरतं पिकत होतं. सगळ्यांचं तेवढंही नशीब नव्हतं. सिअ‍ॅटलमध्ये बेघरांनी पत्रे आणि फळ्या ठोकून उभी केलेली वस्ती १९३१ पासून १९४१ पर्यंत टिकली.

पण २००८च्या मंदीत उलटंच दिसलं, लोक जागचे हललेच नाहीत. अमेरिकेत वर्षभरात घर बदलणाऱ्यांचं प्रमाण २००६-०७ मध्ये १३.२ टक्के होतं, ते पुढच्या वर्षी ११.९ टक्क्यांवर आलं. १९४८ साली ही मोजणी सुरू झाल्यापासूनचा तोवरचा तो नीचांक होता. कारण सरळ आहे. दुसऱ्या गावी नोकरी नाही, आणि इथलं घर विकून कर्ज फिटत नाही. मग जायचं कुठे आणि कसं?

त्यामुळे पत्ता बदलण्यापेक्षा एका पत्त्यावर किती माणसं राहतात, हे आधी बदलतं. वेगळा संसार थाटणं लांबणीवर पडतं, थाटलेला मोडून माणसं आईवडिलांकडे परततात, रिकामी खोली भाड्यानं जाते. जुलै २०२० मध्ये अमेरिकेतले १८ ते २९ वयाचे ५२ टक्के तरुण आईवडिलांपैकी एकाजवळ तरी राहत होते. नव्या घरांची मागणी आटते ती माणसं कमी झाल्यामुळे नव्हे, चुली कमी झाल्यामुळे.

प्रश्न : माझा पगार ३० टक्क्यांनी कमी झाला आहे. घरकर्जाची २० वर्षं बाकी आहेत. बँक म्हणते, सहा महिने हप्ता थांबवा किंवा मुदत ३० वर्षं करून घ्या. कोणता पर्याय बरा?

दोन्ही महाग आहेत. किती महाग ते मांडूनच पाहू. व्याजदर ९ टक्के धरला तर दर १ लाख शिल्लक मुद्दलामागे हप्ता असा येतो : १० वर्षं बाकी असतील तर सुमारे १,२६७, १५ वर्षांना १,०१४, २० वर्षांना ९००, २५ वर्षांना ८३९ आणि ३० वर्षांना ८०५.

तुमचा हप्ता ९०० वरून ८०५ वर येईल, म्हणजे जेमतेम साडेदहा टक्के वाचतील. त्याबदल्यात एकूण व्याज दर लाखामागे १ लाख १६ हजारांवरून जवळपास १ लाख ९० हजारांवर जाईल. पगार ३० टक्क्यांनी घटला असताना साडेदहा टक्क्यांनी भोक बुजत नाही. हाच उपाय १० वर्षं बाकी असलेल्या माणसाला चांगला लागू पडतो. १० ची १५ वर्षं केली की त्याचा हप्ता २० टक्क्यांनी उतरतो. मुदत आधीच लांब असेल तर ती आणखी ताणून फारसं काही हाती लागत नाही, कारण हप्त्यातला बहुतेक भाग आधीच व्याजाचा असतो. ९०० च्या पहिल्या हप्त्यात ७५० व्याजच आहे.

आता सहा महिन्यांची स्थगिती. स्थगिती म्हणजे माफी नाही. त्या काळातलं व्याज मुद्दलात मिळवलं जातं आणि १ लाखाचे सुमारे १,०४,५८५ होतात. त्यानंतर तोच ९०० चा हप्ता चालू ठेवला तर २४० ऐवजी २७५ हप्ते भरावे लागतात. सहा हप्त्यांच्या सवलतीची किंमत पस्तीस जादा हप्ते! कर्ज संपत आलं असेल, समजा पाचच वर्षं उरली असतील, तर हीच सवलत साडेतीन हप्त्यांत फिटते. स्थगिती वाईट की चांगली हा प्रश्नच अपुरा आहे. किती मुदत बाकी आहे, ते आधी पाहायला हवं.

मग करायचं काय? बँकेशी या क्रमानं बोला. पहिली मागणी व्याजदराची. आज नव्या ग्राहकाला काय दर देता आणि मला काय लावता, हे लेखी विचारा. २० वर्षांच्या कर्जावर १० ऐवजी ९ टक्के दर मिळाला तर हप्ता ९६५ चा ९०० होतो, आणि मुदत एका दिवसानंही वाढत नाही. दुसरी मागणी, सहा ते बारा महिने फक्त व्याज भरू देण्याची. तुमच्या बाबतीत ७५०. मुद्दल फुगत नाही, म्हणून ही पूर्ण स्थगितीपेक्षा स्वस्त पडते. पण तो काळ संपला की उरलेल्या मुदतीत हप्ता किंचित चढेल. या दोन्हींतून भागलं नाही तरच स्थगिती, आणि तीही सहा महिने मिळत असली तरी लागेल तेवढीच घ्या.

यात लोक नेमके कुठे अडकतात? एक, हप्ता चुकल्यावर बँकेत जातात. चुकण्याआधी गेलेल्या माणसाकडे चार पर्याय असतात, तीन हप्ते थकल्यावर जाणाऱ्याकडे एखादा. दोन, हप्ता चुकू नये म्हणून क्रेडिट कार्डावरून पैसे उचलतात. ९ टक्क्यांचं कर्ज ३०-४० टक्क्यांच्या कर्जानं फेडणं हा घर गमावण्याचा सगळ्यात जलद मार्ग आहे. तीन, तोंडी आश्वासनावर थांबतात. नवं वेळापत्रक, त्यातलं मुद्दल, दर आणि शेवटच्या हप्त्याची तारीख कागदावर आल्याशिवाय जुना हप्ता बंद करू नका.

जाता जाता एक इतिहास. दीर्घ मुदतीचं, दर हप्त्यात थोडं मुद्दल फेडत जाणारं कर्ज सर्वसामान्य झालं तेच मुळात एका मंदीमुळे. त्याआधी अमेरिकेत तीन ते पाच वर्षांची कर्जं सर्रास असत. मुदत संपली की उरलेलं मुद्दल एकदम भरायचं किंवा कर्ज नव्यानं घ्यायचं. १९३० नंतर बँकाच बुडू लागल्या आणि नवं कर्ज मिळेना. १९३३ साली स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळानं अशी सुमारे १० लाख कर्जं १५ वर्षांच्या हप्त्यांत बदलून दिली.

प्रश्न : घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेली आहे. चावी बँकेच्या हातात देऊन मोकळं झालेलं बरं नाही का?

मोकळं होता येतं की नाही, हे कायद्यावर आहे. कॅलिफोर्नियात राहतं घर विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाची वसुली सहसा त्या घरापुरतीच मर्यादित असते. स्पेनमध्ये २००८ नंतर हजारो कुटुंबांना उलटा अनुभव आला. घर लिलावात गेलं आणि लिलावातून न फिटलेली रक्कम कर्जदाराच्या मानेवर तशीच राहिली. घरही गेलं, कर्जही राहिलं. म्हणून आधी कर्जाच्या करारात उरलेल्या रकमेची जबाबदारी कोणावर आहे ते शोधा, आणि जामीनदार असेल तर त्याच्यावर काय येतं तेही.

किंमत कर्जाच्या खाली गेली हे एकटं कारण घर सोडायला पुरेसं नाही. हप्ता परवडतोय आणि त्याच गावात राहायचंय, तर तोटा कागदावरच आहे. हप्ता परवडतच नसेल तर लिलावाची वाट न पाहता बँकेच्या संमतीनं स्वतः विका. घाईच्या लिलावापेक्षा स्वतः शोधलेला ग्राहक जवळजवळ नेहमी जास्त देतो. उरलेलं कर्ज माफ झालं, असं पत्र मिळालं तरच ताबा द्या.

प्रश्न : मुलगा, सून आणि लहान नातू भाड्याचं घर सोडून आमच्या दोन खोल्यांच्या घरात येणार आहेत. आनंदच आहे, पण निभेल का, अशी धास्ती वाटते.

तुम्ही आधीच विचारताय, म्हणजे निभण्याची शक्यता बरीच आहे. मायेचं तुमचं तुम्ही पाहाल. आम्ही हवा, वीज आणि पैसा या तीनच गोष्टींवर बोलतो.

दोनाची पाच माणसं झाली की घरात सगळ्यात आधी वाढते ती दमट हवा. चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि ओले कपडे मिळून दिवसाला १० लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. धुलाईयंत्रातला एक घाणा घरात वाळवला तर त्यातच दोन लिटर. खिडक्या बंद असतील तर हे पाणी सगळ्यात थंड जागी, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर आणि कपाटामागे जमतं, आणि काही आठवड्यांत तिथे काळी बुरशी धरते. लहान मुलाच्या दम्याला हे आमंत्रणच. उपाय स्वस्त आहेत : सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा, आंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, कपाटं भिंतीपासून पाच ते दहा सेंटिमीटर पुढे ओढा, कपडे शक्यतो बाहेर वाळवा. साधा आर्द्रतामापक घ्या. काटा ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर हवा खेळत नाही. बुरशीवर रंग मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ओल थांबली नाही तर ती रंगातून पुन्हा वर येते.

विजेचं : जास्त माणसं म्हणजे एकेका सॉकेटवर जास्त उपकरणं. हीटर, इस्त्री, इंडक्शन शेगडी यांपैकी दोन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर एकाच वेळी नकोत. प्लग हाताला गरम लागला तर तो बोर्ड बाद करा.

पैशाचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो आणि तिथेच पुढे कडवटपणा येतो. पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी ठरवा : महिन्याच्या खर्चात मुलाकडून किती, मुक्काम साधारण किती महिन्यांचा, आणि त्यातून वाचणारे पैसे कुठे ठेवायचे. हे शेवटचं सगळे विसरतात. भाडं वाचूनही वर्षभरात डिपॉझिटपुरती रक्कम साठली नाही, तर मुलाला बाहेर पडायची वाट उरत नाही.

प्रश्न : आम्ही एक जोडपं आणि एक मित्र मिळून मोठं घर भाड्यानं घेणार आहोत. भाडं कसं वाटून घ्यायचं?

माणशी समान वाटलं तर लहान खोलीवाला चिडतो, खोलीप्रमाणे वाटलं तर एकटा राहणारा. त्यापेक्षा खासगी खोली ज्याची त्याच्या नावावर आणि सामायिक जागा माणशी, अशी मोजणी करा. घर ६० चौरस मीटर, जोडप्याची खोली १४, मित्राची १०, बाकी ३६ सामायिक. ३६ भागिले तीन म्हणजे माणशी १२. जोडप्याचा वाटा १४ अधिक २४, म्हणजे ३८. मित्राचा १० अधिक १२, म्हणजे २२. भाडं ३८ : २२, साधारण ६३ आणि ३७ टक्के. वीज-पाणी माणशी. कोणी घरून काम करत असेल तर त्याचा वाटा थोडा जास्त.

करारात सगळ्यांची नावं असतील तर बहुतेक ठिकाणी घरमालक पूर्ण भाडं कोणा एकाकडूनही मागू शकतो. त्यामुळे आपसात वेगळा कागद करा. घरमालकाला एक महिन्याची सूचना द्यायची असेल तर आपसातली सूचना दोन महिन्यांची ठेवा, म्हणजे जाणाऱ्याच्या जागी माणूस शोधायला अवधी मिळतो. मंदीत तिघांपैकी एकाची नोकरी जाणं हे गृहीतच धरा. उरलेल्या दोघांना एक महिना पूर्ण भाडं भरता येईल एवढी सामायिक रक्कम बाजूला हवी.

प्रश्न : शहरापासून लांब निम्म्या भाड्यात घर मिळतंय. घ्यावं का?

फक्त भाड्याकडे पाहू नका. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम अमेरिकेतल्या अनुदानित घरांच्या भाड्यावरून आला आहे. तिथे तो आधी २५ होता, १९८१ साली ३० झाला. शिकागोतल्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेनं घर आणि प्रवास मिळून ४५ टक्के अशी मर्यादा मांडली, ती आम्हाला जास्त पटते.

कामाची जागा एका बाजूला २५ किलोमीटरनं लांब गेली, तर महिन्याच्या २२ दिवसांत १,१०० किलोमीटर वाढतात. त्याला गाडीच्या दर किलोमीटरच्या खर्चानं गुणा, आणि खर्चात फक्त इंधन नको, टायर, दुरुस्ती, विमा, घसारा सगळं धरा. त्या घरापायी दुसरी गाडी घ्यावी लागणार असेल तर हिशेब बहुधा तिथेच संपतो. नंतर हलण्याचा एकरकमी खर्च काढा : वाहतूक, दलाली, दोन घरांचं एकाच वेळी भरावं लागणारं भाडं, नवी जोडणी. त्याला महिन्याच्या निव्वळ बचतीनं भागा. उत्तर बारा महिन्यांच्या वर आलं तर नको. नव्या घराचं डिपॉझिट खर्चात धरू नका, पण ते अडकलेले पैसे आहेत आणि मंदीत हातातली रोकडच कामाला येते, हे ध्यानात असू द्या.

आणखी एक. लहान गावात एकच मोठा कारखाना किंवा एकच मोठं कार्यालय असेल तर ती नोकरी गेल्यावर दुसरी चालत जाण्याच्या अंतरावर नसते. आणि तेव्हा सगळं गावच घर विकायला काढतं. डेट्रॉइटची वस्ती १९५० मध्ये साडेअठरा लाख होती. २०१३ साली ते शहर दिवाळखोरीत गेलं तेव्हा सात लाखांच्या आसपास उरली होती. मोटारीच्या धंद्याइतकंच इतर कारणांनीही ते घडलं, पण एका धंद्यावर टेकलेलं गाव किती रिकामं होऊ शकतं याचा अंदाज त्यावरून येतो.

प्रश्न : कंपनीचं घर मिळतंय, भाडं नाममात्र. मंदीत याहून सुरक्षित काय असणार?

नोकरी आणि छप्पर एकाच दोरीला बांधलेलं असतं, हे विसरू नका. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बांधणाऱ्या पुलमनच्या कंपनीनं कामगारांसाठी नेटकं गाव वसवलं होतं. १८९३च्या मंदीत कंपनीनं मजुरी सुमारे चतुर्थांशानं कापली, घरांची भाडी मात्र तशीच ठेवली. १८९४चा गाजलेला रेल्वे संप त्यातूनच उभा राहिला. जपानमध्ये २००८च्या अखेरीस कंत्राटी कामगारांना कामावरून काढलं, तेव्हा त्यांना कंपन्यांची वसतिगृहंही सोडावी लागली. ३१ डिसेंबरला टोकिओच्या हिबिया उद्यानात स्वयंसेवकांनी तंबू ठोकले आणि त्या आठवड्यात सुमारे ५०० जण तिथे आश्रयाला आले.

घर जरूर घ्या. मात्र नोकरी सुटल्यापासून किती दिवसांत रिकामं करायचं हे नेमणूकपत्रात वाचा, किमान दोन-तीन महिने मागा. आणि वाचलेल्या भाड्यातून बाजारभावाचं सहा महिन्यांचं भाडं आधी बाजूला काढा.

प्रश्न : भाव पडलेत, बांधकाम चालू असलेलं घर स्वस्तात मिळतंय. संधी आहे ना?

भाव आणखी पडणार नाहीत हे कोणी सांगितलं? आयर्लंडमध्ये २००७ पासून २०१३ पर्यंत घरांच्या किमती निम्म्याच्या आसपास उतरल्या, आणि २०१० च्या सरकारी पाहणीत अर्धवट सोडलेल्या वसाहती २,८०० हून अधिक निघाल्या. रस्ते नाहीत, दिवे नाहीत, शेजारी नाहीत. चीनमध्ये २०२२ साली अनेक शहरांतल्या ग्राहकांनी न बांधलेल्या घरांचे हप्ते थांबवण्याचा इशारा दिला, तो काही हौसेनं नव्हे.

साधं गणित करा. १०० ची वस्तू ८० कर्ज काढून घेतली, भाव २० टक्क्यांनी पडला, तर तुमचे २० पूर्ण गेले. आधीच घर आहे आणि मोठं घ्यायचंय, तर मंदी तुमच्या बाजूनं आहे : ६० चं घर ४८ ला विकलं आणि १०० चं ८० ला घेतलं, तर वर घालायचे पैसे ४० ऐवजी ३२. उलट, मोठं विकून लहान घेणाऱ्याच्या हातात तेवढेच कमी पडतात. पैसे मोकळे करायचे म्हणून लहान घरात जायचं असेल तर ते मंदीच्या आधी जमवायला हवं.

तरीही बांधकामातलं घ्यायचं असेल तर पैसे टप्प्याटप्प्यानं, झालेल्या कामाच्या मागे द्या, पुढे नाही. काम मध्यंतरी थांबलेलं असेल तर अभियंत्याला घेऊन जा. खांबांतून वर निघालेल्या उघड्या सळयांचे पापुद्रे सुटत असतील तर त्या बारीक झाल्या आहेत. नुसता वरवरचा तांबूस गंज घासून जातो, पापुद्र्यांचा जात नाही. तळघरात आणि लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साठलं आहे का, सेंट्रिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटला आधार देणाऱ्या फळ्या आणि टेकू, महिनोन्महिने तसंच ठेवलंय का, ते पाहा. आणि ताब्याला दोन वर्षं उशीर झाला तर भाडं अधिक हप्ता असा दुहेरी भार किती महिने झेपेल, हे आधी लिहून काढा.

प्रश्न : आमच्या इमारतीत बरीच घरं रिकामी आहेत, काहीजण देखभालखर्च देत नाहीत. आम्ही राहणाऱ्यांनी काय करायचं?

४० टक्के घरांनी पैसे थांबवले तर उरलेल्यांवरचा भार पावणेदोन पटीच्या जवळ जातो. एवढा वाढवला की आणखी काहीजण थांबवतात. म्हणून वर्गणी वाढवण्याआधी खर्चाची रांग लावा. आगीचा पंप, लिफ्टची सुरक्षा तपासणी, पाण्याच्या टाक्या, गच्चीची गळती ही कामं थांबवायची नाहीत. रंगरंगोटी आणि बाग थांबू शकते. थकबाकीदारांना हप्ते पाडून द्या. पूर्ण थकबाकी एकदम मागितली की काहीच मिळत नाही.

रिकाम्या घरांकडेही लक्ष हवं. न्हाणीघरातल्या जाळीखालच्या सापळ्यात पाच-सात सेंटिमीटर पाणी असतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. घर बंद राहिलं की ते काही आठवड्यांत आटतं. दर तीन आठवड्यांनी प्रत्येक जाळीत आणि संडासात मगभर पाणी ओता. वर चमचाभर खाद्यतेल सोडलं तर पाणी उशिरा आटतं. नळ आठवड्यातून एकदा काही मिनिटं वाहू द्या, कारण साचलेल्या कोमट पाण्यात न्यूमोनिया आणणारे लीजिओनेला जंतू वाढतात. घर फार दिवस बंद राहणार असेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि चावी एका शेजाऱ्याकडे लेखी नोंद करून ठेवा.